लपविलेले डिस्क पार्टिशन

लपविलेले डिस्क पार्टिशन म्हणजे संगणकाच्या हार्ड डिस्कवरील किंवा सॉलिड स्टेट ड्राइव्ह ऊर्फ एसएसडीवरील असा विभाग, जो प्रत्यक्षात अस्तित्वात असूनही वापरकर्त्याला नेहमीच्या फाइल-खिडकीत दिसत नाही. संगणक सुरू करणाऱ्या फाइली, दुरुस्तीची साधने आणि काही वेळा उत्पादकाने कारखान्यात भरून दिलेली ऑपरेटिंग सिस्टिमची मूळ प्रत अशा विभागांत ठेवलेली असते. हा मजकूर चुकून पुसला जाऊ नये, हा तो नजरेआड ठेवण्यामागील मुख्य हेतू होय.

संगणक सुरळीत चालू असेपर्यंत या विभागांची आठवण सहसा कोणाला होत नाही. लॅपटॉपची डिस्क बदलली जाते तेव्हा मात्र त्यांचा प्रश्न दोन बाजूंनी समोर येतो. जुन्या डिस्कबरोबर तिच्यावरील लपविलेले विभागही निघून जातात आणि उत्पादकाने दिलेली पुनःस्थापनेची सोय नाहीशी होते. नव्या डिस्कवर मात्र न मागता काही लहान विभाग तयार झालेले दिसतात आणि त्यांनी जागा अडवली आहे, असा समज होतो. पहिल्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यास अडचणीच्या वेळी दुरुस्तीचा मार्ग उरत नाही. दुसऱ्या गोष्टीचा गैरसमज होऊन ते विभाग पुसल्यास चांगला चालणारा संगणक सुरू होणेच बंद होऊ शकते.

संज्ञा

‘पार्टिशन’ हा शब्द मराठी बोलण्यात संगणकाच्या आधीपासून रुळलेला आहे. एका मोठ्या खोलीत फळ्यांचा आडोसा घालून दोन खोल्या केल्या, की ‘पार्टिशन घातले’ असे म्हणतात. या अर्थी पार्टिशन म्हणजे मधला आडोसा. संगणकाच्या परिभाषेत मात्र आडोशाने वेगळ्या झालेल्या जागेला पार्टिशन म्हणतात. मराठीत या क्रियेला ‘विभाजन’ आणि तिच्यातून निर्माण झालेल्या जागेला ‘विभाग’ म्हणणे सोयीचे आहे. प्रस्तुत लेखात ‘विभाग’ आणि ‘पार्टिशन’ हे शब्द समानार्थी वापरले आहेत.

‘ड्राइव्ह’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जात असल्यामुळे घोटाळा होतो. दुकानात ‘ड्राइव्ह बदलला’ असे म्हटले, की संपूर्ण यंत्रभाग अभिप्रेत असतो. ‘सी ड्राइव्ह’ आणि ‘डी ड्राइव्ह’ ही मात्र विंडोजने विभागांना दिलेली अक्षरनामे आहेत. एकाच डिस्कवर सी आणि डी असे दोन्ही ड्राइव्ह असू शकतात. त्यामुळे डिस्क बिघडली, की ‘डी मध्ये जपून ठेवलेली’ माहितीही सी मधील माहितीबरोबर संकटात येते.

पार्टिशन तक्ता

डिस्कवर विभाग कोठे सुरू होतो, किती मोठा आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे, याची नोंद डिस्कवरच एका तक्त्यात केलेली असते. या तक्त्याला पार्टिशन तक्ता म्हणतात. वैयक्तिक संगणकांत त्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत.

मास्टर बूट रेकॉर्ड ऊर्फ एमबीआर ही जुनी पद्धत होय. तिच्यात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्येच सर्व काही बसवलेले असते. पहिले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या आज्ञावलीसाठी, पुढील ६४ बाइट तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी असतात. तक्त्यातील प्रत्येक नोंद १६ बाइटांची असल्यामुळे त्यात केवळ चार प्राथमिक विभाग मावतात. अधिक विभाग हवे असल्यास त्यांपैकी एकाला ‘विस्तारित’ करून त्याच्या पोटात उपविभाग करावे लागतात. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्यामुळे ५१२ बाइटांच्या सेक्टरसह या पद्धतीला सुमारे २.२ टेराबाइटपलीकडील जागा मोजता येत नाही.

जीयूआयडी पार्टिशन टेबल ऊर्फ जीपीटी ही नवी पद्धत युईएफआय या फर्मवेअर-मानकाचा भाग आहे. तिच्यात सर्वसाधारणपणे १२८ विभागांच्या नोंदी मावतात. प्रत्येक नोंद १२८ बाइटांची असते आणि विभागाचा प्रकार १६ बाइटांच्या ओळख-क्रमांकाने दर्शविला जातो. तक्त्याची एक प्रत डिस्कच्या आरंभी आणि दुसरी डिस्कच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. जुन्या साधनांनी ही डिस्क रिकामी समजून तिच्यावर लिहू नये म्हणून पहिल्या सेक्टरमध्ये संरक्षणापुरता एमबीआर तक्ताही लिहिलेला असतो.

लपविण्याच्या पद्धती

‘लपविलेला’ या शब्दाने सुचतो तसा सर्व विभागांचा लपाव एकाच दर्जाचा नसतो. त्याचे चार थर करता येतात.

पहिला थर केवळ अक्षर न देण्याचा आहे. विंडोजमध्ये ज्या विभागाला अक्षर नाही, तो फाइल एक्सप्लोररमध्ये दिसत नाही. अक्षर दिले, की असा साधा विभाग लगेच दिसू लागतो.

दुसरा थर तक्त्यातील नोंदीचा आहे. एमबीआर पद्धतीत प्रत्येक विभागाच्या प्रकारासाठी एक बाइट असतो. विंडोजच्या एनटीएफएस विभागाचा प्रकार ०७ आहे. तो बदलून १७ केला, की विंडोज त्या विभागाकडे दुर्लक्ष करते. मजकूर जागच्या जागी राहतो, बदलते ती फक्त पाटी. जीपीटी पद्धतीत हेच काम विभागाचा प्रकार आणि त्याच्या नोंदीतील गुणधर्म-बिट करतात. ‘हा विभाग संगणकास आवश्यक आहे’, ‘हा लपवावा’, ‘याला आपोआप अक्षर देऊ नये’ अशा सूचना त्यांत देता येतात.

तिसऱ्या थरातील विभाग चित्ररूप साधनांतही दिसत नाही. मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड पार्टिशन हे त्याचे उदाहरण होय. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंट या खिडकीत ते दाखवले जात नाही. डिस्कपार्ट या आज्ञा-साधनात मात्र ते दिसते.

चौथा थर खुद्द डिस्कमध्ये असतो. होस्ट प्रोटेक्टेड एरिया ऊर्फ एचपीए या सोयीने डिस्कला आपली क्षमता खऱ्यापेक्षा कमी सांगण्याची आज्ञा देता येते. उरलेली जागा ऑपरेटिंग सिस्टिमला ठाऊकच नसते, म्हणून तिची नोंद पार्टिशन तक्त्यातही नसते. काटेकोर अर्थाने तिला विभाग म्हणता येत नाही, परंतु वापरकर्त्याच्या दृष्टीने तीही लपलेली जागाच होय. आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपांच्या काही मालिकांत पुनःस्थापनेची सामग्री अशा जागेत ठेवलेली असे.

सामान्यतः आढळणारे विभाग

ईएफआय सिस्टिम पार्टिशन : युईएफआय फर्मवेअर असलेल्या संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइली या विभागात असतात. त्याची रचना फॅट या फाइल-पद्धतीची असते, कारण फर्मवेअरला ती वाचता येते. विंडोज बसवताना त्याचा आकार बहुधा १०० मेगाबाइट, तर ॲपलच्या संगणकांत २०० मेगाबाइट असतो. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली असतील, तर दोहोंच्या प्रारंभिक फाइली याच विभागात नांदू शकतात.

मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड पार्टिशन : जीपीटी डिस्कवर विंडोज स्वतःच्या व्यवस्थापनासाठी राखून ठेवत असलेला हा विभाग आहे. विंडोज १० पासून त्याचा आकार १६ मेगाबाइट आहे. त्यात वापरकर्त्याच्या फाइली नसतात आणि त्याला फाइल-पद्धतीही नसते.

सिस्टिम रिझर्व्ह्ड : जुन्या बायोस आणि एमबीआर पद्धतीच्या संगणकांत विंडोजच्या प्रारंभिक फाइली या विभागात असतात. विंडोज ७ मध्ये तो १०० मेगाबाइटांचा आणि विंडोज ८ मध्ये ३५० मेगाबाइटांचा होता.

विंडोज रिकव्हरी पार्टिशन : संगणक सुरू होत नसल्यास जी निळी दुरुस्ती-खिडकी उघडते, तिची सामग्री येथे असते. संगणक पूर्ववत करणे, जुन्या टप्प्यावर नेणे, आज्ञा-खिडकी उघडणे या सोयी तिच्यातून मिळतात. हा विभाग काहीशे मेगाबाइटांचा असतो. संपूर्ण विंडोजची प्रत त्यात नसते.

उत्पादकाचे रिकव्हरी पार्टिशन : लॅपटॉप विकत घेतला त्या दिवशीच्या अवस्थेची प्रत, म्हणजे विंडोज, त्या यंत्राचे ड्रायव्हर आणि उत्पादकाची सॉफ्टवेअरे, या विभागात असते. त्यामुळे तो बऱ्याचदा १० गिगाबाइटहून मोठा असतो. संगणक सुरू होताना विशिष्ट कळ दाबून तो वापरता येतो. उदाहरणार्थ, एचपीच्या अनेक लॅपटॉपांत एफ ११, आसुसच्या अनेक लॅपटॉपांत एफ ९ आणि एसरच्या अनेक लॅपटॉपांत ऑल्ट व एफ १० या कळा त्यासाठी नेमलेल्या होत्या. विंडोजचे आणि उत्पादकाचे ही दोन रिकव्हरी पार्टिशने वेगवेगळी आहेत, हे लक्षात न आल्यामुळे पुष्कळ घोटाळे होतात.

ॲपलचे रिकव्हरी पार्टिशन : २०११ मधील ओएस एक्स लायनपासून ॲपलने दुरुस्तीसाठी सुमारे ६५० मेगाबाइटांचा लपविलेला विभाग ठेवण्यास आरंभ केला. २०१७ मध्ये एपीएफएस ही फाइल-पद्धती आल्यानंतर स्वतंत्र विभागाऐवजी एकाच समाईक जागेत प्रीबूट, रिकव्हरी आणि व्हीएम असे लपविलेले खंड ठेवले जाऊ लागले.

लिनक्समधील विभाग : लिनक्समध्ये विभागांना अक्षरे नसतात. स्वॅप हा विभाग स्मृतीला पूरक म्हणून वापरला जातो. लिनक्सचे विभाग विंडोजला वाचता येत नाहीत, म्हणून विंडोजच्या बाजूने पाहता तेही लपलेलेच असतात.

इतिहास

१९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी हा १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क असलेला संगणक बाजारात आला. त्याच्या सोबतच्या पीसी डॉस २.० या प्रणालीत पार्टिशन तक्ता प्रथम आला. एका डिस्कवर एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टिम ठेवता याव्यात, हा त्याचा एक हेतू होता. पुढे ओएस/२ या प्रणालीच्या बूट मॅनेजरने निवडलेल्या प्रणालीखेरीज इतर प्राथमिक विभागांचा प्रकार-बाइट बदलून ते लपविण्याची रीत वापरली. ०७ चे १७ आणि ०६ चे १६ करण्याची प्रथा तेथून रूढ झाली.

१९९० च्या दशकात कॉम्पॅक कंपनीच्या अनेक संगणकांत यंत्राची मूळ मांडणी ठरविणारी सेटअप आज्ञावली डिस्कवरील लहानशा वेगळ्या विभागात ठेवलेली असे. डिस्क बदलली, की एफ १० कळ दाबूनही सेटअप उघडत नसे. तो विभाग फ्लॉपींच्या साहाय्याने पुन्हा निर्माण करावा लागे. डिस्क बदलल्याने लपविलेला विभाग आणि त्याच्याबरोबर एखादी सोय नाहीशी होणे, या अनुभवाचे हे एक जुने उदाहरण होय.

संगणकाबरोबर ऑपरेटिंग सिस्टिमची सीडी देण्याऐवजी तिची प्रत डिस्कवरच लपवून देण्याची पद्धत २००० नंतरच्या दशकात सर्वत्र पसरली. त्यामुळे सीडी हरवण्याचा प्रश्न मिटला, परंतु दुरुस्तीची सामग्री आणि जी बिघडू शकते ती वस्तू, ही दोन्ही एकाच ठिकाणी आली.

संपूर्ण विभाग कूटबद्ध करणारी बिटलॉकर ही सोय विंडोज व्हिस्टामध्ये आली. मुख्य विभाग कूटबद्ध असल्यास संगणक सुरू करणाऱ्या फाइली त्याच्या बाहेर, उघड्या विभागात असाव्या लागतात. व्हिस्टामध्ये यासाठी १.५ गिगाबाइटांचा विभाग करावा लागे. विंडोज ७ ने १०० मेगाबाइटांचा सिस्टिम रिझर्व्ह्ड विभाग आपोआप करण्यास सुरुवात केली. घरगुती संगणकांत लहान निनावी विभाग सर्रास दिसू लागले ते तेव्हापासून.

डिस्क बदलल्यानंतरची स्थिती

नव्या डिस्कवर कोणते विभाग असतील, हे तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या मार्गाने आली यावर अवलंबून असते.

नव्याने बसवलेली प्रणाली : कोऱ्या डिस्कवर यूएसबीवरून विंडोज बसवल्यास स्थापना-प्रक्रिया स्वतःच ईएफआय, मायक्रोसॉफ्ट रिझर्व्ह्ड, सी आणि विंडोज रिकव्हरी असे विभाग करते. उत्पादकाचे रिकव्हरी पार्टिशन मात्र येत नाही, कारण त्याची सामग्री जुन्या डिस्कवरच राहिलेली असते. म्हणून पूर्वीची कळ दाबल्यावर काहीही घडत नाही. हा नव्या डिस्कचा दोष नव्हे. विंडोजच्या परवान्याला मात्र सहसा धक्का लागत नाही. विंडोज ८ पासून कारखान्यात विंडोज बसवून विकलेल्या संगणकांत परवान्याचा क्रमांक मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्ये लिहिलेला असतो, तर विंडोज १० पासूनचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डाशी जोडलेला असतो.

हुबेहूब प्रत : जुन्या डिस्कची संपूर्ण प्रत नव्या डिस्कवर घेण्याच्या क्रियेला क्लोनिंग म्हणतात. तीत लपविलेले विभागही सोबत येतात. तथापि तीन अडचणी संभवतात. पहिली, नवी डिस्क मोठी असल्यास वाढीव जागा शेवटी न वाटलेली राहते. सी आणि ती जागा यांच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन आल्यामुळे सी विभाग वाढवता येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमधील विस्ताराचा पर्याय अशा वेळी फिकट दिसतो, कारण त्या साधनाला लगत उजवीकडची मोकळी जागाच जोडता येते. दुसरी, प्रत सेक्टरवार घेतली असल्यास जीपीटी तक्त्याची दुसरी प्रत नव्या डिस्कच्या शेवटी न राहता मध्येच राहते आणि ती योग्य जागी हलवावी लागते. तिसरी, काही वेळा विभागाचे प्रकार किंवा गुणधर्म नीट उतरत नाहीत. मग जो विभाग लपलेला असायचा, त्याला अक्षर मिळते आणि तो फाइल एक्सप्लोररमध्ये जवळजवळ भरलेला दिसतो. ‘जागा संपत आली’ अशा सूचनाही येऊ लागतात. असा विभाग रिकामा करणे हा उपाय नव्हे. त्याचे अक्षर काढून घेणे पुरेसे असते. हा प्रकार क्लोनिंगशिवायही घडू शकतो. २०१८ मध्ये विंडोज १० चे १८०३ क्रमांकाचे अद्यतन घेतल्यानंतर अनेक संगणकांत रिकव्हरी पार्टिशनला असेच अक्षर मिळाले होते.

दोन डिस्क एकत्र असताना : काही लॅपटॉपांत एसएसडी आणि हार्ड डिस्क अशा दोन जागा असतात. जुनी डिस्क जोडलेली ठेवून नव्या डिस्कवर विंडोज बसवल्यास स्थापना-प्रक्रिया प्रारंभिक फाइली जुन्या डिस्कवरील ईएफआय विभागातच ठेवू शकते. सर्व काही ठीक चालले आहे असे वाटते, आणि पुढे जुनी डिस्क काढताच संगणक सुरू होत नाही. म्हणून विंडोज नव्याने बसवताना अन्य डिस्क काढून ठेवणे इष्ट असते. तसेच क्लोन केलेली डिस्क आणि मूळ डिस्क एकाच वेळी जोडल्यास दोहोंची ओळख-खूण एकच असल्यामुळे विंडोज त्यांपैकी एक डिस्क ऑफलाइन ठेवू शकते.

क्षमतेतील तफावत

नवी डिस्क बसवल्यावर ‘५०० सांगितली आणि ४६५ च भरली’ अशी तक्रार होते आणि उरलेली जागा लपविलेल्या विभागांत गेली, असा तर्क केला जातो. तफावतीचे मुख्य कारण मोजणीच्या पद्धतीत आहे. डिस्कचे उत्पादक १ गिगाबाइट म्हणजे १ अब्ज बाइट मानतात. विंडोज गिगाबाइट हीच पाटी लावते, पण मोजताना २ चा ३० वा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट, हे एकक वापरते. या दुसऱ्या एककाला आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये गिबिबाइट असे वेगळे नाव दिले, परंतु ते सर्वसामान्य वापरात रुजले नाही. त्यामुळे २५६ गिगाबाइटांची डिस्क विंडोजमध्ये सुमारे २३८.४, ५०० ची ४६५.७, ५१२ ची ४७६.८ आणि १ टेराबाइटची ९३१.३ गिगाबाइट दिसते. ॲपलने २००९ मधील स्नो लेपर्डपासून दशमान मोजणी स्वीकारल्यामुळे तीच डिस्क मॅकमध्ये पाटीवरील आकड्याइतकी दिसते.

५०० गिगाबाइटांच्या कोऱ्या डिस्कवर विंडोज बसवल्यास १०० मेगाबाइट ईएफआयला, १६ मेगाबाइट राखीव विभागाला आणि समजा ६०० मेगाबाइट रिकव्हरीला गेले, तर लपविलेल्या विभागांची बेरीज ७१६ मेगाबाइट, म्हणजे सुमारे ०.७ गिगाबाइट होते. सी विभाग सुमारे ४६५ गिगाबाइटांचा उरतो. ५०० आणि ४६५ या आकड्यांमधील सुमारे ३५ च्या तफावतीत लपविलेल्या विभागांचा वाटा पन्नासाव्या हिश्श्याइतकाच आहे. ते पुसून मिळणारी जागा नगण्य असते आणि त्यासाठी पत्करावा लागणारा धोका मोठा असतो.

याखेरीज विभागांच्या आगेमागे १ मेगाबाइटच्या आसपास मोकळी जागा दिसते. व्हिस्टापासून विंडोज प्रत्येक विभागाचा आरंभ १ मेगाबाइटच्या पटीत जुळवते. ही जागा त्या जुळणीतून उरते.

विभाग पाहण्याची साधने

विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट ही खिडकी सर्वांत सोपी आहे. तिच्यात प्रत्येक डिस्क आडव्या पट्टीने दाखवली जाते आणि विभागांचे आकार व कार्ये लिहिलेली असतात. अधिक तपशिलासाठी डिस्कपार्ट हे आज्ञा-साधन आहे. त्यात प्रथम डिस्कांची यादी पाहून हवी ती डिस्क निवडावी लागते आणि नंतर विभागांची यादी मागवावी लागते. केवळ याद्या पाहण्यात धोका नाही. मात्र याच साधनातील ‘क्लीन’ ही आज्ञा निवडलेल्या डिस्कवरील सर्व विभागांच्या नोंदी एका क्षणात काढून टाकते. म्हणून डिस्कचा क्रमांक आणि आकार दोनदा ताडून पाहणे अत्यावश्यक ठरते. विंडोजची दुरुस्ती-सोय चालू आहे की नाही आणि ती कोणत्या विभागात आहे, हे रीएजंटसी या आज्ञेने कळते.

लिनक्समध्ये एलएसबीएलके ही आज्ञा आणि जीपार्टेड हे चित्ररूप साधन वापरतात. जीपार्टेड यूएसबीवरूनही चालवता येत असल्यामुळे सुरू न होणाऱ्या संगणकाची डिस्क त्यातून तपासता येते. एचपीए आहे का, हे एचडीपार्म या आज्ञेने पाहता येते. क्लोनिंगसाठी क्लोनझिला हे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध असून त्याचा विकास तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात झाला आहे.

विभाग काढून टाकण्याचे परिणाम

कोणता विभाग पुसला यावर परिणाम अवलंबून असतो. ईएफआय विभाग पुसल्यास संगणक चालू असेपर्यंत काही जाणवत नाही. बंद करून पुन्हा सुरू केला, की ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. सी मधील फाइली शाबूत असतात, पण प्रारंभिक फाइली पुन्हा निर्माण केल्याखेरीज तेथवर पोहोचता येत नाही. विंडोज रिकव्हरी पार्टिशन पुसल्यास नित्याच्या कामात फरक पडत नाही. तूट जाणवते ती पुढे कधी तरी, संगणक अडून बसतो तेव्हा. उत्पादकाचे रिकव्हरी पार्टिशन पुसल्यास मूळ अवस्थेत परतण्याचा तो मार्ग बंद होतो. नवीन विंडोज बसवून घेतलेल्या आणि बाहेरच्या यूएसबीवर पुनःस्थापनेची सामग्री करून ठेवलेल्या संगणकात हा विभाग राखण्याचे फारसे कारण उरत नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये असे विभाग पुसण्याचा पर्याय सहसा मिळत नाही, तो हेतुपुरस्सर. डिस्कपार्टमध्येही ‘ओव्हरराइड’ हा शब्द जोडल्याशिवाय संरक्षित विभाग पुसला जात नाही.

रिकव्हरी पार्टिशन आहे, पण अपुरे आहे, अशी स्थितीही संभवते. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी आलेले केबी ५०३४४४१ हे सुरक्षा-अद्यतन अनेक संगणकांत ८००७०६४३ हा त्रुटी-क्रमांक दाखवून अयशस्वी झाले. रिकव्हरी पार्टिशनमध्ये पुरेशी मोकळी जागा नसणे हे त्याचे कारण होते. सी विभागातून २५० मेगाबाइट कमी करून ते रिकव्हरी पार्टिशनला जोडण्याची कृती मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केली. ज्या विभागाचे अस्तित्वही ठाऊक नव्हते त्याचा आकार हाताने बदलण्याची वेळ सामान्य वापरकर्त्यांवर आली.

डिस्क बदलण्यापूर्वीची तयारी

जुनी डिस्क चालू असेपर्यंत पुढील गोष्टी करून ठेवता येतात. डिस्क पूर्ण बंद पडल्यावर त्यांपैकी बहुतेक अशक्य होतात.

वैयक्तिक फाइलींची प्रत वेगळ्या यंत्रभागावर घ्यावी. त्याच डिस्कवरील दुसऱ्या विभागातील प्रत ही खरी प्रत नव्हे.

उत्पादकाच्या साधनाने अथवा विंडोजच्या रिकव्हरी ड्राइव्ह या सोयीने पुनःस्थापनेचा यूएसबी तयार करावा. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा स्थापना-यूएसबी करण्यासाठी किमान ८ गिगाबाइटांचा कोरा यूएसबी लागतो.

बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून अथवा छापून ठेवावी. अनेक नव्या लॅपटॉपांत कूटबद्धता आपोआप सुरू झालेली असते, म्हणून ‘आपण ती कधी चालू केली नाही’ या समजुतीवर विसंबू नये. ही की नसल्यास कूटबद्ध डिस्कवरील माहिती दुरुस्तीकारालाही वाचता येत नाही.

जुन्या डिस्कवरील विभागांची यादी आकारांसह टिपून ठेवावी, अथवा त्या खिडकीचे छायाचित्र घ्यावे. नवी डिस्क बसवल्यावर काय आले आणि काय राहिले, हे त्यावरून ताडून पाहता येते.

काम दुकानातून करून घ्यायचे असल्यास जुनी डिस्क परत मागून घ्यावी आणि प्रणाली नव्याने बसवली जाणार की क्लोन केली जाणार, हे आधी विचारावे.

जुन्या डिस्कमधील माहिती

बदललेली डिस्क विकताना, कोणाला देताना किंवा भंगारात टाकतानाही लपविलेल्या विभागांचा विचार करावा लागतो. सी विभाग फॉरमॅट केला म्हणजे संपूर्ण डिस्क पुसली गेली, असे होत नाही. इतर विभाग तसेच राहतात. शिवाय झटपट फॉरमॅटमध्ये फाइलींच्या नोंदी नव्याने लिहिल्या जातात. हार्ड डिस्कवरील मूळ मजकूर त्यावर दुसरा मजकूर लिहिला जाईपर्यंत बऱ्याच अंशी टिकून राहतो आणि तो परत मिळवणारी साधने सहज उपलब्ध आहेत. विभाग काढून टाकणे हेही पुसणे नव्हे, कारण त्यात केवळ तक्त्यातील नोंद जाते.

हार्ड डिस्क पूर्ण पुसण्यासाठी तिच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत लिहिणारी साधने वापरतात. एसएसडीमध्ये झीज समान वाटण्यासाठी आणि निकामी भागांच्या बदल्यात काही जागा नियंत्रकाने स्वतःकडे राखलेली असते. बाहेरून कितीही लिहिले तरी त्या जागेपर्यंत पोहोचल्याची खात्री नसते. म्हणून एसएसडीसाठी तिच्या अंगभूत सिक्युअर इरेझ आज्ञेचा वापर अधिक योग्य मानला जातो. डिस्क आरंभापासून कूटबद्ध असेल आणि तिची की इतर कोणाजवळ नसेल, तर माहिती वाचली जाण्याचा धोका बराच कमी होतो.

नवी डिस्क समाधानकारक चालते आहे आणि सर्व आवश्यक फाइली तिच्यावर अथवा अन्यत्र उतरल्या आहेत, याची खातरजमा होईपर्यंत जुनी डिस्क न पुसता जपून ठेवणे श्रेयस्कर असते. उत्पादकाने दिलेली मूळ प्रत अनेकदा तिच्यावरील लपविलेल्या विभागातच असते. डिस्क यूएसबी-पेटीत बसवून दुसऱ्या संगणकाला जोडल्यास, ती कूटबद्ध नसेल अथवा तिची की हाताशी असेल, तर मागे राहिलेल्या फाइली तिच्यावरून पुढेही काढून घेता येतात.